कॅमेऱ्याला पाय हवेत भक्कम!

कॅमेरा घ्यायचा ठरला की तुम्ही काय काय करता, जरा आठवून बघा. तीन महिने रिव्ह्यू बघता. मित्राच्या मित्राकडे असलेली बॉडी हातात धरून बघता. आई-बाबांना ‘अभ्यासासाठीच लागतोय’ असं पटवता. दोनशे रुपयांच्या फरकासाठी चार दुकानं पालथी घालता. आणि हे सगळं झाल्यावर, बिल करता करता दुकानदाराला म्हणता, ‘दादा, एखादा ट्रायपॉडपण द्या ना सोबत.’ कुठला देऊ? ‘द्या कुठलाही. हलका असला म्हणजे झालं.’

मी यातला फक्त शेवटचा भाग केला होता. कॅमेरा मामाचा होता, ट्रायपॉड तेवढा माझ्या पैशांचा. चौदाशे रुपये. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘५ किलो’ लिहिलेलं होतं. मामाचा डीएसएलआर आणि लेन्स मिळून सव्वा किलोच्या आसपास. म्हणजे चौपट वजन पेलायची हमी, अजून काय पाहिजे?

जुलै महिना होता आणि आम्ही नाणेघाटात होतो. ज्यांनी पावसाळ्यातला नाणेघाट पाहिलाय त्यांना वारा म्हणजे काय ते सांगायला नको. कोकणातून वर चढणारा वारा कड्यावर आदळतो आणि खाली पडणारं पाणी पुन्हा वर उडवतो. त्या उलट्या धबधब्याचाच मला फोटो हवा होता, पाणी रेशमासारखं दिसतं तसला. दोन सेकंदांचं एक्स्पोजर लावलं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडूनही कॅमेरा माझ्या छातीपर्यंतच येत होता, म्हणून मधला दांडा वर ओढला. सेल्फ टायमर दाबला आणि दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात झोत आला, एक पाय उचलला गेला आणि मी हात पुढे करेपर्यंत कॅमेरा तोंडावर पडला होता. काळ्या दगडावर. लेन्स जिथे बॉडीला बसते तिथूनच उखडली होती.

दुरुस्तीचं बिल साडेआठ हजार. माझ्या शिकवण्यांचे चार महिन्यांचे पैसे. पण पैशांपेक्षा मामाला फोन करणं जास्त जड गेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, तुला लागलं नाही ना ते विचारलं, आणि मग म्हणाला, ‘मधला दांडा वर काढला होतास ना गं?’

तिथे नसतानाही त्याला ते कळलं होतं, कारण कॅमेरे बहुतेक वेळा असेच पडतात. त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

ट्रायपॉडचे तीन पाय पसरलेले असतात म्हणून तो उभा राहतो. मधला दांडा वर ओढला की त्या तीन पायांच्या डोक्यावर तुम्ही एक काठी उभी करता आणि काठीच्या टोकावर कॅमेरा ठेवता. तीन पाय घेऊन आलात आणि कॅमेरा उभा केलात एकाच पायावर! वजन वर जातं, वाऱ्याला धरायला जागा मिळते, आणि पडणं नशिबात नसलं तरी थरथर असतेच. म्हणून दुकानात खोक्यावरची ‘कमाल उंची’ बघूच नका, ती दांडा पूर्ण वर ओढून मोजलेली असते. दांडा खाली ठेवून, नुसते पाय उघडल्यावर किती उंची मिळते ते विचारा. दुकानदार क्षणभर गोंधळेल, मग टेप शोधेल.

ही उंची किती हवी? सोपा हिशेब आहे. तुमची उंची १६५ सेंटीमीटर असेल तर डोळे साधारण १५३ वर असतात. ट्रायपॉडचं डोकं (दुकानात ‘हेड’ म्हणा) आणि त्यावरचा कॅमेरा मिळून वीसेक सेंटीमीटर भरतात. म्हणजे नुसत्या पायांची उंची १३०-१३५ असली की वाकावं लागत नाही. उंच असाल तर तेवढं वाढवा. जे कायम बसून, झोपून फुलं-किडे टिपतात त्यांना तर एवढीही लागत नाही. त्यांनी उलट हे बघावं की पाय किती फाकतात आणि कॅमेरा जमिनीच्या किती जवळ जातो. कासच्या पठारावर ‘सीतेची आसवं’ टिपायची तर ती फुलं बोटभर उंचीची. तिथे सहा फुटी ट्रायपॉड काय कामाचा? (आणि तिथे तिसरा पाय कुठे टेकतोय ते आधी बघा, प्लीज. एका फुलाच्या फोटोसाठी बाकीची दहा चिरडलेली मी पाहिली आहेत.)

आता तो ‘५ किलो’चा आकडा. हे मला फार उशिरा कळलं, तुम्हाला आधीच सांगते. हा आकडा कंपनी स्वतः ठरवते. तो मोजायची सगळ्यांनी मान्य केलेली एकच एक पद्धत नाही. एका कंपनीचे पाच किलो आणि दुसरीचे पाच किलो सारखे असतीलच असं नाही. शिवाय त्याचा अर्थ फार तर एवढाच की एवढ्या वजनाने स्टँड बसकण मारणार नाही. एवढ्या वजनाखाली तो हलणार नाही, असं कुणीही म्हणत नाहीये. फोटोला मात्र फक्त दुसऱ्या गोष्टीशी मतलब आहे.

मग बघायचं काय? नळी. पायांची जाडी. कॉलेजात मेकॅनिकलला असाल तर हे तुम्हाला पाठ असेल, इतरांसाठी सांगते: पातळ भिंतीच्या नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी तीच ठेवली, तर तिचा वाकण्याला विरोध जवळपास आठपट होतो. म्हणजे नळी थोडीशी बारीक झाली तरी ताकद धाडकन उतरते. ट्रायपॉडचा पाय एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा असतो. वरची नळी २८ मिलिमीटरची असेल तर पुढची पंचवीसची, मग बावीस, मग एकोणीस. जितके जास्त तुकडे तितकी घडी लहान, पण शेवटची नळी तितकीच काडीसारखी. पाच तुकड्यांच्या पायात शेवटी सोळाची नळी उरते. तेवढीच उंची तीन तुकड्यांत बसवली तर शेवटची नळी बावीसची. सोळा आणि बावीस ऐकायला जवळ वाटतात, पण विरोधात अडीचपटीहून जास्त फरक पडतो. शिवाय प्रत्येक सांधा म्हणजे हलायला एक जागा.

त्यामुळे ‘बॅगेत मावतो’ या एका वाक्यावर भाळू नका. दुचाकीवरून, लोकलमधून फिरणाऱ्यांना लहान घडी लागते हे खरं. मग चार तुकड्यांवर थांबा. आणि उघडताना जाड नळी आधी, बारीक सगळ्यात शेवटी. गरज नसेल तर शेवटची काडी बाहेर काढूच नका.

हलका, भक्कम आणि स्वस्त. या तिन्हींतले दोनच एका वेळी मिळतात. हलका आणि भक्कम हवा तर कार्बन फायबर. जिट्झो या फ्रेंच कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरचा पहिला ट्रायपॉड बाजारात आणला, तेव्हापासून ट्रेक करणाऱ्यांची पाठ त्यांना दुवा देते आहे. थरथरही त्यात लवकर विरते. पण किंमत बघून बरेच जण परत फिरतात. भक्कम आणि स्वस्त हवा तर ॲल्युमिनियम, आणि दीड-दोन किलोचं ओझं मान्य करा. आपटला तर ॲल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बनला तडा जाऊ शकतो. पोच्यासकट ट्रायपॉड वर्षानुवर्षं चालतो. विद्यार्थ्यांनी पहिला ट्रायपॉड ॲल्युमिनियमचाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. ट्रेकला तो उचलायला एक मित्र पटवून ठेवा.

दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि असेल ती सगळ्यात लांब लेन्स घेऊन जा. लाजू नका. मुंबईत फोर्टला, बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत, तिथे हे असलं करणारी गिऱ्हाईकं त्यांना नवी नाहीत. शनिवारची गर्दी टाळा. ट्रायपॉड पूर्ण उघडा, दांडा खाली. वरच्या चकतीवर दोन्ही तळवे ठेवून स्वतःचं थोडं वजन टाका. एखादा पाय हळूच आत सरकला तर तिथेच विषय संपला. मग चकती धरून स्क्रूसारखी पिळून बघा. सगळा सांगाडा आधी थोडा वळतो, तसाच राहतो आणि सोडल्यावर परत येतो? चालेल. लगदा पिळल्यासारखं वाटतं? नको.

आणि आता खरी परीक्षा. कॅमेरा वर लावा, लेन्स पूर्ण झूम करा आणि रस्त्यापलीकडच्या एखाद्या पाटीवर धरा. लाइव्ह व्ह्यू चालू करून स्क्रीनवर दहापट मोठं करा. आता ट्रायपॉडच्या पायाला बोटाने टिचकी मारा. पाटीवरची अक्षरं नाचायला लागतील. ती शांत व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. मग शेजारचा दुसरा ट्रायपॉड लावा आणि पुन्हा टिचकी. खोक्यावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा ही टिचकी जास्त खरं बोलते. माझ्या चौदाशेवाल्यावर नंतर घरी हा प्रयोग केला. समोरच्या इमारतीची पाटी नाचत होती ती नाचतच होती. चहा गाळून आले तरी थांबली नसती, अशी.

हेडबद्दल थोडक्यात. फोटोच काढणार असाल तर बॉल हेड घ्या, पटकन फिरतं, पटकन घट्ट होतं. त्याचीही परीक्षा त्याच पाटीवर होते: फ्रेम लावा, घट्ट करा, हात सोडा. फ्रेम किंचित खाली घसरली तर ते हेड पुढे आयुष्यभर घसरणार. इमारती आणि दागिने-भांडी वगैरे प्रॉडक्ट फोटो काढणाऱ्यांना तीन दांड्यांचं पॅन-टिल्ट हेड बरं पडतं, कारण त्यात एक दिशा सोडून बाकीच्या दोन तशाच राहतात. व्हिडिओ करणाऱ्यांनी फ्लुइड हेडकडे वळा, बॉल हेडवर संथ पॅन करायचा प्रयत्न म्हणजे मनस्ताप. पाय आणि हेड सुटे होणारे असतील तर उत्तम, कारण हेड नंतर बदलता येतं. कॅमेऱ्याखालची प्लेट आर्का-स्विस पद्धतीची आहे का तेही विचारा. ही पद्धत बऱ्याच कंपन्यांनी उचललीय, त्यामुळे उद्या दुसरं हेड घेतलंत तरी जुनी प्लेट बहुतेक वेळा चालून जाते.

बजेट नसेल तर? सेकंडहँड बघा. जुनी लेन्स घेताना बुरशीची भीती असते, जुन्या कॅमेऱ्यात शटर किती चाललंय याची. जुन्या चांगल्या ट्रायपॉडमध्ये असलं काही नसतं. लॉक घट्ट बसतात का, नळ्या सरळ आहेत का, रबरी बूट जागेवर आहेत का, बस. आता माझ्याकडे आहे तो असाच घेतलेला आहे, माझ्या आधी त्याने दुसऱ्या कुणाची दहा वर्षं काढलीत. एका पायाला मोठा पोचा आहे. नव्या, चकचकीत आणि लेच्यापेच्या ट्रायपॉडपेक्षा मला तो कधीही चालेल.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, एवढं करून ट्रायपॉड लागतोच का? प्रामाणिक उत्तर: सगळ्यांना नाही. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरच हादरे सांभाळतो, पाव सेकंदाचे फोटोही हातात धरून निघतात. लग्न, कॉलेजचा फेस्ट, स्ट्रीट फोटोग्राफी करणाऱ्यांचा ट्रायपॉड माळ्यावरच पडतो. पण धबधब्याचं रेशीम, सीएसएमटीसमोरून जाणाऱ्या बसच्या दिव्यांच्या रेघा, उन्हाळ्यातल्या रात्री गडावरून दिसणारी आकाशगंगा, हे सेकंदांचे आणि मिनिटांचे खेळ आहेत. तिथे हात हरतात.

आणि काही ठिकाणी ट्रायपॉडच हरतो. लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीत तीन पाय पसरून उभे राहून दाखवा! तिथे मोनोपॉड. एकच पाय, त्यामुळे स्वतः उभा राहत नाही, बाकीचे दोन पाय तुमचे. तुम्ही पाय फाकवून उभे राहायचं, मोनोपॉड थोडा पुढे टेकवायचा आणि त्यावर किंचित रेलायचं, की तिघांचा मिळून ट्रायपॉड होतो. वर-खालची थरथर जवळपास जाते, डावी-उजवीकडची थोडी उरते. क्रिकेटच्या किंवा कबड्डीच्या मैदानाकडेला लांब लेन्स घेऊन चार तास उभं राहायचं असेल तर फोटोसाठी नाही, निदान खांद्यासाठी तरी मोनोपॉड हवाच. दिवे घाटात वारी टिपताना मी तो पूर्ण उघडून, टायमर लावून डोक्यावर धरला होता, गर्दीच्या वरून फ्रेम मिळाली. दोन्ही हातांनी धरा आणि पट्टा मनगटात अडकवा, खाली माणसं असतात. ढोल-ताशा पथकाच्या अगदी शेजारी उभे असाल तर मात्र मोनोपॉड उचलून हातात घ्या. जमीन स्वतःच थरथरत असते आणि ती थरथर काठीतून वर कॅमेऱ्यात चढते.

मोनोपॉड निवडताना नियम तेच: जाड नळी, कमी तुकडे, घट्ट लॉक. उंची मात्र डोळ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, कारण तो तिरका टेकवावा लागतो आणि पायऱ्यांवर एक पायरी खाली ठेवावा लागतो. ‘ट्रेकिंगची काठीपण आणि मोनोपॉडपण’ अशी जाहिरात असलेल्यांवर ओल्या उतारावर सगळं वजन टाकू नका. लॉक सरकला तर कॅमेऱ्याआधी तुम्ही पडाल.

भिगवणला फ्लेमिंगो बघायला होडीतून जाता तेव्हा तर दोन्हींचा उपयोग नाही, होडीच डोलते. ताडोबाच्या जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागाही नसते. तिथे बीन बॅग. जाड कापडाची पिशवी, आत तांदूळ किंवा मूग, जिप्सीच्या बारवर टाकायची आणि लेन्स त्यात रुतवायची. जुन्या जीन्सच्या पायाची घरी शिवता येते. पावसात तांदूळ भिजू देऊ नका एवढंच, नाहीतर परतीच्या प्रवासात खिचडी.

नाणेघाटाला मी नंतर पुन्हा गेले, पोचेवाला ट्रायपॉड घेऊन. यावेळी पाय अर्धेच उघडले आणि गुडघ्यावर बसले. दांड्याच्या खाली एक हुक असतो, त्याला पाठीवरची सॅक अडकवली, पण ती जमिनीला जरा टेकेल अशी. अधांतरी लटकवली तर ती वाऱ्याने झोके खाते आणि फायद्याऐवजी तोटाच होतो. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला, एक चढाकडे. गळ्यातला पट्टा काढून ठेवला, तो वाऱ्यात शिडासारखा फडफडतो. आणि शटर दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत एक हात कॅमेऱ्याच्या बाजूला, न टेकवता, तयार ठेवला. फोटो बरा आला. उत्तम आला असं नाही म्हणणार, लेन्सवर तुषार होते.

कोकणात समुद्रावर जाणार असाल तर उघडायचा क्रम उलटा करा. सगळ्यात खालची बारीक नळी आधी पूर्ण काढा, म्हणजे सांधे वाळूच्या आणि पाण्याच्या वर राहतात. पाय वाळूत दाबून घट्ट करा, नाहीतर लाट परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते आणि फ्रेम तिरकी होते. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण उघडून सुकवा आणि मगच घडी करा. पिळायचे लॉक असतील तर उघडून आतली वाळू काढा. दाताखाली खडा आल्यासारखा आवाज आला तर ती वाळू आतच आहे.

आणखी एक, गडांवर जाणाऱ्यांसाठी. केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातल्या स्मारकांवर कॅमेरा चालतो, पण ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. आदल्या दिवशी चौकशी करा, दारावर हुज्जत घालून काही होत नाही. ज्यांनी दोन किलो वजन वर नेलं आणि तसंच खाली आणलं, त्यांना विचारा.

मला विचारू नका, कारण मी तेच वजन कळसूबाईवर नेलं होतं. तिथे ना परवानगीचा प्रश्न होता, ना वाऱ्याचा. पहाटे साडेचार वाजता माथ्यावर ट्रायपॉड उघडला, टिचकी मारून बघितली, आणि मग लक्षात आलं की कॅमेऱ्याखालची प्लेट घरी टेबलावर आहे. आता ती कायम कॅमेऱ्यालाच लावलेली असते.